एचडी ६६०५१ : इंदुरातल्या गच्चीवरून एका विचित्र रसायनाच्या जोडताऱ्याचे मोजमाप

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदुरात राजेंद्रनगरला मोकळी गच्ची आहे. ८० मिलिमीटर व्यासाची, ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आहे, जर्मन पद्धतीचे विषुववृत्तीय माउंट आहे. थंड करता येणारा मोनोक्रोम सीमॉस कॅमेरा (चिप ११ मिमी चौरस, पिक्सेल ३.७६ मायक्रॉन) आणि बी (निळ्या) व व्ही (हिरवट-पिवळ्या प्रकाशाचा) असे फिल्टर आहेत. एवढ्यावर एचडी ६६०५१ या ताऱ्याचे उपयोगी काम होईल का? आणि कॅमेऱ्याच्या पुढे मिलिमीटरला शंभर रेघांची जाळी (प्रकाशाचा वर्णपट पाडणारी काच) लावली तर त्याचे रसायन दिसेल का?

पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही. मात्र पहिले काम बहुतेक जण ज्या पद्धतीने सुरू करतात, म्हणजे रात्रभर कॅमेरा चालू ठेवून सकाळी आलेख काढतात, त्या पद्धतीने या ताऱ्याचा निम्मा भाग हातातून निसटतो. कारण त्याच्या आवर्तकालात, म्हणजे जोडीच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळात आहे. त्याकडे वळण्याआधी तारा कोणता ते पाहू.

एचडी ६६०५१, म्हणजेच रूपविकारी ताऱ्यांच्या यादीतला व्ही४१४ पपिस (पपिस हा तारकासमूह), साधारण ८.८ प्रतीचा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही. विषुवांश ८ तास १ मिनिट, क्रांती उणे १२ अंश ४८ कला. व्याधाच्या पूर्वेला सुमारे १९ अंशांवर येतो. एम ४६ आणि एम ४७ हे जोडगुच्छ ओळखीचे असतील तर एम ४६ पासून ईशान्येला पाच अंश सरका. इंदूरच्या अक्षांशावरून तो याम्योत्तरावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ५४.५ अंश उंच जातो, त्यामुळे दक्षिण गोलार्धातला असला तरी आपल्याकडून अवघड नाही.

या जोडीतला मोठा तारा उष्ण, बी वर्गाच्या शेवटच्या टोकाचा, पृष्ठतापमान सुमारे १२,५०० केल्विन. २०१७ मध्ये एवा निएमचुरा आणि सहकाऱ्यांनी त्याच्या वर्णपटाचे तपशीलवार विश्लेषण प्रसिद्ध केले. हेलियम, कार्बन, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम नेहमीपेक्षा कमी. सिलिकॉन आणि फॉस्फरस जास्त. निकेल सोडून लोखंडाच्या गटातली मूलद्रव्ये जास्त. आणि जड मूलद्रव्ये, विशेषतः दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये, भरपूर. असा दुसरा तारा शोधायला गेल्यावर त्यांना एचडी ६५९४९ सर्वांत जवळचा वाटला. पाऱ्याच्या अतितीव्र रेषांसाठी आणि ऱ्हेनियम-ऑस्मियमसाठी प्रसिद्ध असलेला हा तारा कॅरिनातल्या एनजीसी २५१६ गुच्छाच्या दिशेला आहे. (तो इंदुरातून जेमतेम साडेसहा अंश वर येतो, त्याचा नाद सोडा.) २०१८ मध्ये ओलेग कोचुखॉव्ह आणि सहकाऱ्यांनी एचडी ६६०५१ च्या मोठ्या ताऱ्यावर काहीशे गाऊसचे चुंबकीय क्षेत्र मोजले. उष्ण चुंबकीय तारा असलेली ग्रहणकारी, म्हणजे फिरताना एकमेकांना झाकणारी जोडी म्हणून हीच पहिली. वस्तुमाने ३.१६ आणि १.७५ सूर्यांइतकी, त्रिज्या २.७८ आणि १.३९ सूर्यत्रिज्या. धाकटा ए वर्गाचा, बराच थंड.

हे रसायन ताऱ्याच्या पोटातले नाही, फक्त कातडीवरचे आहे, हे पक्के समजून घ्या, कारण प्रकाश का बदलतो ते त्यावरच ठरते. १९७० मध्ये जॉर्ज मिशो यांनी मांडलेली कल्पना आजही टिकून आहे. ताऱ्याचा बाहेरचा थर शांत असेल, ढवळला जात नसेल, तर प्रत्येक अणूवर दोन ओढी असतात. गुरुत्व खाली ओढते, आतून येणारा प्रकाश वर ढकलतो. ज्या अणूच्या शोषणरेषा ताऱ्याच्या तेजस्वी तरंगलांबीत जास्त पडतात तो वर येतो, ज्याच्या कमी पडतात तो बुडतो. यासाठी तारा सावकाश फिरायला हवा, नाहीतर आतले प्रवाह सगळे पुन्हा मिसळून टाकतात. जवळच्या जोडीत भरती-ओहोटीचे बल हेच काम करते, फिरणे कक्षेच्या वेगाला आणून बांधते. त्यात चुंबकीय क्षेत्र असले की मूलद्रव्ये सगळीकडे सारखी न पसरता ठिकठिकाणी साचतात. तिथे सिलिकॉन-लोखंडासारखी मूलद्रव्ये अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाशात बाहेर टाकतात. म्हणून सूर्याच्या डागांसारखे हे डाग काळे नसतात. आपल्या फिल्टरमधून ते सहसा उजळ दिसतात.

फिरणे खरेच कक्षेला बांधलेले आहे का, हे कागदावर दोन ओळींत तपासता येते. २.७८ सूर्यत्रिज्येचा परिघ सुमारे १ कोटी २१ लाख किलोमीटर. तो ४.७५ दिवसांत एकदा फिरत असेल तर विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला २९.६ किमी येतो. वर्णपटातून मोजलेला वेग २७ किमी, २ किमीची चूक धरून. त्रिज्येतली अनिश्चितता लक्षात घेता जुळते. म्हणजे मोठा तारा जोडीदाराकडे कायम एकच बाजू करून फिरतो. पुढे याचा मोठा फायदा आहे.

आता आवर्तकाल. तो ४.७४९२१८ दिवस आहे, म्हणजे ४ दिवस १७ तास ५९ मिनिटे. पावणेपाच दिवसांना इतका चिकटलेला आकडा निरीक्षकासाठी अडचणही आहे आणि सोयही. चार फेऱ्या म्हणजे १९ दिवसांना फक्त साडेचार मिनिटे कमी. म्हणजे आज रात्री ११ वाजता ताऱ्याची जी कला (फेरीतला टप्पा, पूर्ण फेरी १ धरून) दिसते तीच १९ दिवसांनी १० वाजून साडेपंचावन्न मिनिटांनी दिसणार. समजा मुख्य ग्रहणाचा (धाकटा मोठ्याला झाकतो त्याचा) मध्य १० तारीख सुरू होताना रात्री १२ वाजता आला. पुढचे १४ ला संध्याकाळी ६ वाजता, त्यापुढचे १९ ला दुपारी १२ ला, मग २४ ला पहाटे ६ ला आणि २८ ला पुन्हा मध्यरात्रीच्या साडेचार मिनिटे आधी. कक्षा वर्तुळाकार धरली तर दुय्यम ग्रहणे सकाळी ९, पहाटे ३, रात्री ९ आणि दुपारी ३ अशा वेळी बसतात. ही घड्याळी वेळ वर्षाला साधारण दीड तास अलीकडे सरकते, त्यामुळे एका हंगामात न मिळालेला भाग मिळवायला दोन-तीन वर्षे थांबावे लागू शकते. वडोदऱ्याच्या निरीक्षकाला सोबत घेतले तरी रेखांशाच्या फरकाने फक्त ११ मिनिटे जास्त मिळतात. ढग आड आले तर मात्र तो मदतीला येतो, म्हणून जरूर घ्या.

ग्रहणाची नेमकी आगामी वेळ माझ्या वरच्या उदाहरणातून काढू नका, ती फक्त लय दाखवायला दिली आहे. एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेच्या व्हीएसएक्स सूचीतून आरंभक्षण (ज्या ग्रहणापासून फेऱ्या मोजायच्या त्याची वेळ) आणि आवर्तकाल घेऊन हंगामाचे वेळापत्रक स्वतः मांडा. तक्त्यात भारतीय वेळ आणि ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) असे दोन्ही रकाने ठेवा. ज्युलियन दिवस आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे अख्खी रात्र एकाच पूर्णांकात राहते. ही सोय युरोपातल्या निरीक्षकांनाही आहे. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये भारतीय वेळ जाऊन तिलाच सार्वत्रिक वेळ समजले गेले तर साडेपाच तासांची, म्हणजे जवळजवळ ०.०५ कलेची चूक होते. नवख्या माणसाला मग आवर्तकालच बदलल्याचा भास होतो.

प्रकाश किती बदलतो? धाकट्याची त्रिज्या मोठ्याच्या निम्मी, म्हणजे तबकडीचा चौथा भाग झाकतो. मुख्य ग्रहण त्यामुळे पाव ते एक तृतीयांश प्रतीच्या दरम्यान. दुय्यम ग्रहणात धाकटा मागे जातो. त्याचा प्रकाशच कमी, म्हणून घट हिशेबाने ०.०७ ते ०.१ प्रत. ग्रहणाचा कालावधी दोघांच्या अंतरावरून निघतो. वस्तुमाने आणि आवर्तकाल केप्लरच्या नियमात घातले की अंतर सुमारे २० सूर्यत्रिज्या येते आणि ग्रहण सहा ते साडेसात तासांचे. ग्रहणाबाहेर डागांमुळे होणारा चढउतार मात्र प्रतीच्या फक्त काही शतांश आहे, आणि तो पावणेपाच दिवसांवर पसरलेला.

बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून उतरते. समजा डागांची लाट वरपासून खालपर्यंत ०.०४ प्रतीची आहे. सहा तासांच्या एका रात्रीत ती फार तर ०.००७ प्रत हलते. तेवढ्याशा हालचालीसाठी सहा तास जागणे वाया आहे, कारण त्याच सहा तासांत वातावरणामुळे येणारी खोटी हालचाल तिच्याहून मोठी असू शकते. एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत शून्यबिंदू (तेज मोजण्याच्या पट्टीचा आरंभ) किती स्थिर राहतो, यावरच लाट सापडणार की हरवणार ते ठरते. म्हणून कामाचे दोन वेगळे कार्यक्रम करा.

लाटेसाठी: रोज, म्हणजे प्रत्येक स्वच्छ रात्री, तारा याम्योत्तरावर येण्याच्या आधीचा फक्त अर्धा तास. व्हीमध्ये ३० सेकंदांच्या २० फ्रेम, बीमध्ये ४५ सेकंदांच्या २०. माउंट उलटण्याआधी (जर्मन माउंटवर याम्योत्तर ओलांडताना दुर्बीण पलीकडे फिरवावी लागते), नेहमी त्याच बाजूने, तारा चिपवर शक्यतो त्याच दहा-वीस पिक्सेलांत. प्लेट सॉल्व्ह करून, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बिणीची नेमकी दिशा काढून, हे सहज जमते. उन्नतांश रोज तोच असल्यामुळे वातावरणाची जाडी तीच राहते, फ्लॅटमधली (चिपवरचा असमान उजेड दुरुस्त करणाऱ्या फ्रेममधली) उरलेली चूक तीच राहते. रात्रीमागे कला ०.२१ ने पुढे जाते आणि १९ रात्रींत पूर्ण आवर्तनाचे १९ बिंदू जवळजवळ समान अंतरावर पडतात. अर्ध्या तासानंतर दुर्बीण झाकून झोपायला हरकत नाही.

ग्रहणासाठी: ज्या रात्री वेळापत्रक सांगेल त्याच रात्री, तारा ३० अंशांच्या वर असेपर्यंत अखंड. इंदुरातून हा काळ याम्योत्तराच्या अलीकडे-पलीकडे मिळून साडेसहा तास आहे. २० जानेवारीच्या सुमारास याम्योत्तर साधारण साडेबाराला, म्हणजे सव्वानऊ ते पावणेचार. डिसेंबरच्या विशीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हा सगळा तुकडा पूर्ण अंधारात येतो. एवढ्या काळात १९ दिवसांच्या जवळजवळ तीन फेऱ्या बसतात.

साडेसहा तासांत ग्रहण आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे सपाट खांदे एकदम मावत नाहीत, आणि मावायची गरजही नाही. १९ दिवसांत तारा सव्वा तास लवकर उगवतो, ग्रहण फक्त साडेचार मिनिटे लवकर येते. म्हणजे दर फेरीला तुमची खिडकी ग्रहणाच्या तुलनेत सुमारे ७० मिनिटे अलीकडे सरकते. डिसेंबरच्या फेरीत ग्रहणाचा शेवट, फेब्रुवारीच्या फेरीत सुरुवात असे तुकडे जोडता येतात. या सरकण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच या ताऱ्याची सर्वांत मोठी देणगी आहे. आलेखात एखादा खड्डा किंवा उंचवटा दिसला तर पुढच्या फेरीत तो कुठे जातो ते पाहा. कलेसोबत राहिला तर ताऱ्याचा. याम्योत्तराच्या तुलनेत तिथेच राहिला, म्हणजे कलेत ७० मिनिटे सरकला, तर तो तुमच्या माउंटचा, फ्लॅटचा किंवा हवेचा. इतकी स्वच्छ कसोटी देणारे तारे थोडे आहेत.

खोटी हालचाल कुठून येते ते आकड्यांत पाहा. तुमच्या जुळणीचे क्षेत्र साधारण १.३५ अंश चौरस आहे. संदर्भ तारा (ज्याच्याशी तुलना करून लक्ष्याचा प्रकाश मोजायचा तो) ०.७ अंश वर किंवा खाली घेतला तर ३० अंश उन्नतांशावर दोघांच्या वाटेतल्या हवेच्या जाडीत ०.०४ चा फरक पडतो. शहरी हवेत जाडीच्या एककामागे पाव प्रत शोषली जाते असे धरले तर ०.०१ प्रतीची चूक झाली. याम्योत्तरावर तीच चूक ०.००३ च्या आत येते. ग्रहणाच्या रात्री हे टाळायचे असेल तर लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना, शक्यतो समान अंतरावर, मिळून तीन-चार संदर्भ तारे घ्या आणि त्यांची सरासरी वापरा. एक तपासणी तारा वेगळा ठेवा. त्याचा आलेख सपाट आला नाही तर लक्ष्याच्या आलेखावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही सुंदर दिसो.

संदर्भ तारे निवडताना रंगाकडे लक्ष द्या. आपला तारा निळा-पांढरा आहे आणि आजूबाजूला नारिंगी राक्षसी तारे पुष्कळ. बी फिल्टरमध्ये हवा निळा प्रकाश जास्त खाते, त्यामुळे नारिंगी संदर्भ तारा वापरला तर क्षितिजाकडे जाताना आलेख वाकतो. व्हीमध्ये हा परिणाम नगण्य. रंग जुळणारा आणि शांत असा तारा एखादाच मिळाला तर व्हीमध्ये बाकीचे, बीमध्ये फक्त तो, अशी विभागणी चालेल. मात्र एकदा ठरवले की हंगामभर तेच तारे. मध्येच यादी बदलली की शून्यबिंदू हलतो आणि लाट मोडते. त्याहूनही घातक सवय म्हणजे प्रत्येक रात्रीचा आलेख त्या रात्रीच्या सरासरीवर आणून बसवणे. ग्रहणाचा आकार पाहायला ते चालून जाते, पण डागांची लाट त्यात संपूर्ण पुसली जाते, आणि पुसली गेल्याचे कळतही नाही.

एक्स्पोजरचा हिशेब. ८० मिमी व्यासातून व्ही फिल्टरने हा तारा सेकंदाला सुमारे ५,००० इलेक्ट्रॉन देईल. ३० सेकंदांत दीड लाख, म्हणजे मोजणीचा मूळ गोंधळ ०.००३ प्रत. ताऱ्याच्या लुकलुकीचा गोंधळ याहून मोठा आहे. एवढ्या लहान व्यासाला, ३० सेकंदांत, मध्यम उंचीवर तो ०.००४ च्या वर आणि ३० अंश उन्नतांशावर दुप्पट. त्यामुळे एक्स्पोजर आणखी कमी करून फ्रेम वाढवण्यात काही साधत नाही, दोन्हींत मिळणारा एकूण वेळच महत्त्वाचा. दहा फ्रेमची सरासरी घेतली की बिंदूमागे ०.००२ च्या आत येता, जे या ताऱ्याला पुरेसे आहे. २०० मिमीची मोठी दुर्बीण असेल तर लुकलुक निम्म्याच्या आसपास येते, पण तारा लवकर संपृक्त होतो.

फोकस थोडा सैल ठेवा, ताऱ्याचा ठिपका सहा ते आठ पिक्सेल रुंद. टोचून फोकस केला तर ३० सेकंदांत शिखराचा पिक्सेल भरण्याच्या जवळ जातो आणि प्रत्येक पिक्सेलचा स्वतंत्र स्वभाव मोजमापात उतरतो. फार सैल केला तर शेजारचे अंधुक तारे ठिपक्यात मिसळतात. पपिस आकाशगंगेजवळ असल्यामुळे इथे गर्दी आहे. मोजणीचे वर्तुळ ठिपक्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट त्रिज्येचे, आणि हंगामभर तेच. जानेवारीच्या रात्री तापमान उतरते तसा फोकस सरकतो, म्हणून वर्तुळ लहान घेतल्यास कडेचा प्रकाश हळूहळू बाहेर सांडतो आणि चिपच्या कोपऱ्यातल्या संदर्भ ताऱ्याचा जास्त सांडतो.

शहरातला उजेड या कामाला फार आड येत नाही. राजेंद्रनगरसारख्या ठिकाणी मोजणीच्या वर्तुळात येणारा आकाशाचा उजेड ताऱ्याच्या साधारण दहाव्या भागाएवढा धरा. मोजणीचा गोंधळ त्याने नाममात्र वाढतो. पौर्णिमेच्या आसपासही व्हीमध्ये काम होते. चंद्र ताऱ्यापासून तीस अंशांच्या आत असेल तेवढी रात्र सोडा. नैर्ऋत्येला पीथमपूरचा उजेड आणि धूर आहे, तारा मावळतीकडे झुकला की त्याच बाजूला जातो. अर्ध्या तासाचे काम याम्योत्तराच्या आधी उरकण्याला हे आणखी एक कारण. ग्रहणाच्या रात्रींसाठी खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे चोरलकडे जाता आले तर शहर उत्तरेला राहते आणि दक्षिण मोकळी मिळते, पण त्यासाठी जुळणी उचलून नेताना कॅमेऱ्याचा कोन बदलला तर सगळे फ्लॅट नव्याने घ्यावे लागतात. माझा कल गच्चीवरच राहण्याकडे आहे. एप्रिलमध्ये शेतात नरवाई (पिकाची धसकटे) जाळायला लागतात तेव्हा हवा एका तासात बदलते. तोपर्यंत हंगाम संपवलेला बरा.

फ्लॅटवर कंजुषी करू नका. प्रत्येक फिल्टरचे ३० तरी, संधिप्रकाशात, दुर्बीण आकाशाच्या माथ्याकडे करून. एलईडी पॅनल वापरायचाच असेल तर एक्स्पोजर तीन सेकंदांच्या वर ठेवा, कारण मंद केलेला पॅनल वेगाने लुकलुकतो आणि चिपवर पट्टे उमटतात. डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) त्याच तापमानाचे, त्याच एक्स्पोजरचे, त्याच गेनचे. जर्मन माउंट उलटल्यावर तारा चिपच्या विरुद्ध बाजूला जातो आणि फ्लॅट थोडा जरी चुकला असेल तरी ०.००५ ते ०.०१ प्रतीची पायरी दिसते. ग्रहणाच्या रात्री उलटण्याआधीचे आणि नंतरचे असे दोन वेगळे संच धरा, तपासणी ताऱ्याच्या पायरीवरून फरक ओळखा, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन तुकडे जोडू नका. मध्यरात्रीनंतर दव पडते. भिंगाभोवती गरम पट्टी नसेल तर भिंगावर आधी प्रभावळ येते, मग प्रकाश घटतो. संदर्भ ताऱ्याचा प्रकाश पाचव्या भागाहून जास्त घटला की ते तुकडे, पातळ ढगांचे असोत की दवाचे, सरळ टाकून द्या.

मोजणी ॲस्ट्रोइमेजजे या मोफत प्रणालीत करा. ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची वेळही काढून देते, आणि इथे ती काढणे सक्तीचे आहे. हा तारा क्रांतिवृत्ताच्या साडेबत्तीस अंश दक्षिणेला आहे. जानेवारीच्या शेवटी, पृथ्वी त्याच्या बाजूला असताना, त्याचा प्रकाश आपल्याकडे सात मिनिटे लवकर पोचतो. ही दुरुस्ती विसरलात तर १९ दिवसांच्या साडेचार मिनिटांचा सगळा हिशेब ढासळतो. उलट लॅपटॉपचे घड्याळ एखाद्या सेकंदाने चुकले तर सात तासांच्या ग्रहणात काही बिघडत नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवलेली असली की झाले.

हे सगळे करून नवीन काय हाती लागेल? मोठा तारा एकच बाजू जोडीदाराकडे ठेवतो, म्हणून प्रत्येक मुख्य ग्रहणात धाकटा मोठ्याच्या त्याच त्या चेहऱ्यावरून सरकतो. त्या चेहऱ्यावर उजळ डाग असेल तर तो झाकला जाताना ग्रहणाची उतरण आणि चढण सारखी राहत नाही, आणि बी व व्हीमध्ये हा फरक वेगळा दिसतो. चेहरा तोच असल्यामुळे वेगवेगळ्या वर्षांची ग्रहणे एकावर एक रचता येतात. फिरण्याचा काळ कक्षेपेक्षा एका मिनिटानेही वेगळा असेल तर वर्षातल्या ७७ फेऱ्यांत डागांची लाट सव्वा तासाहून अधिक, म्हणजे एका टक्क्यापेक्षा थोडी जास्त, सरकेल. पाच-सहा हंगामांत ती ग्रहणांच्या तुलनेत हललेली स्पष्ट दिसायला हवी. मोठ्या वेधशाळा एका ताऱ्यासाठी इतकी वर्षे रोज अर्धा तास देत नाहीत. गच्चीवरची दुर्बीण देऊ शकते, आणि हे काम करण्यासारखे वाटण्याचे माझ्या लेखी हेच कारण आहे.

लाट डागांचीच आहे, जोडीदाराच्या ओढीने मोठा तारा लांबट झाल्याची नाही, हे कसे ओळखायचे? लांबट ताऱ्याची लाट एका फेरीत दोनदा वर येते आणि सर्व रंगांत जवळजवळ सारखी असते. डागांची बहुधा एकदा, आणि बी-व्हीमध्ये उंची वेगळी. म्हणून बी फिल्टर आळसाने वगळू नका. बीशिवाय घेतलेल्या हंगामाचा अर्थ लावता येत नाही.

आता वर्णपट. शंभर रेघांच्या जाळीने मिळणारे विभेदन ३०-४० अँगस्ट्रॉमच्या घरात असते. त्यात हायड्रोजनच्या रुंद रेषा दिसतील, बाकी काही नाही. ४१२८ आणि ४१३१ अँगस्ट्रॉमच्या सिलिकॉनच्या जोडरेषेसाठी फट असलेला, ११ अँगस्ट्रॉमच्या आसपास विभेदन देणारा वर्णपटमापक, २०० मिमी दुर्बीण आणि तासाभराचे एकत्रित एक्स्पोजर लागेल, तेव्हा कुठे दोन-तीन टक्क्यांचा खळगा दिसेल. पाऱ्याची ३९८४ ची रेषा याच जुळणीत हाती लागणार नाही. तिथे कॅमेऱ्याची संवेदनाही पडलेली असते आणि हवाही प्रकाश खाते. मोठ्या ताऱ्याचा मागेपुढे होण्याचा वेग वस्तुमानांवरून सेकंदाला सुमारे ७७ किमी येतो, म्हणजे ४४८१ च्या रेषेजवळ जेमतेम १.१ अँगस्ट्रॉम. गच्चीवरच्या साध्या साधनांना तो मोजता येणार नाही.

वर्णपटाचा हात बसवायचा असेल तर याच जातीच्या तेजस्वी नातेवाइकांपासून सुरुवात करा. सप्तर्षींतला अंगिरा हा रासायनिकदृष्ट्या विचित्र चुंबकीय ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी, आवर्तकाल ५.०९ दिवस. उत्तराभाद्रपदेतला अल्फेराट्झ पारा-मँगनीज गटाचा आणि जोडताराही, ९६.७ दिवसांचा. दक्षिणेकडचाच हवा असेल तर लूपसमधला काय लूपी, ३.९५ प्रतीचा, पारा-मँगनीज गटाचा आणि १५.२६ दिवसांचा जोडतारा. एप्रिल-मेमध्ये इंदुरातून सुमारे ३४ अंश वर येतो. आणि व्याध स्वतः सौम्य धातुसमृद्ध ए वर्गाचा तारा आहे, पांढऱ्या खुज्या जोडीदारासह. पपिसकडे दुर्बीण वळवण्याआधी वर्णपटमापकाची तरंगलांबी त्याच्यावर जुळवून घ्या.

या हंगामासाठी पहिले काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करायचे ते असे. व्हीमध्ये एका रात्री अर्धा तास क्षेत्राचे फोटो घ्या, सात-आठ संभाव्य संदर्भ तारे मोजा, त्यांतले शांत कोणते ते दोन-तीन रात्रींत तपासा आणि यादी कायम करा. त्यासोबत वेळापत्रक काढा आणि रात्री ९ ते पहाटे ४ च्या दरम्यान पडणाऱ्या ग्रहणांच्या तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.